खांडसच्या वाटेने बॅच नेणाऱ्या ट्रेक-लीडर मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण गेल्या श्रावणातल्या एका रविवारी तुमच्यापैकी निदान पाच-सहा जणांनी मला ‘काका, जरा साइड’ म्हटलेलं आहे. शिडी घाटात, पहिल्या शिडीच्या खाली, कातळाला पाठ लावून कोपरावर ठिगळ असलेली जुनी विंडचीटर घातलेला पन्नाशीचा माणूस उभा होता, तो मी. शेजारी माझी सतरा वर्षांची मुलगी. तिची ही भीमाशंकरची पहिली खेप. माझ्या खेपा मोजलेल्या नाहीत, पण मध्ये अकरा वर्षं खंड पडला होता. कारणं तीच, सगळ्यांची असतात ती. गुडघा, आईचं आजारपण, बदली.

त्या शिडीखाली आम्ही एक तास चाळीस मिनिटं उभे होतो. पावसात. सुरुवातीला वेळ जावा म्हणून वर जाणारी माणसं मोजत होतो. दोनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात इथे दिवसभर माणूस दिसत नाही.” मी म्हणालो होतो खरा. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली देतो, म्हणजे ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ या जातीचं पत्र समजून तुम्ही ते बाजूला टाकणार नाही. आमच्या वेळी बरंच काही वाईट होतं आणि त्यातलं काही आम्हीच करत होतो. १९९४ साली मी पहिल्यांदा आलो तेव्हा आम्ही सहा जण होतो. शनिवारी रात्री डोंबिवलीहून कर्जत गाडी पकडायची, स्टेशनच्या बाकड्यावर कलंडायचं आणि सकाळी मिळेल त्या वाहनाने कशेळेमार्गे खांडस गाठायचं. वाटेत प्रत्येकाने कारवीच्या झुडपाचा एकेक दांडा मोडून घेतला. काठी म्हणून. वर पोचल्यावर त्या काठ्या फेकून दिल्या. संध्याकाळी हनुमान तळ्याच्या बाजूच्या झाडीत आम्ही चूल पेटवली, मॅगी शिजवली आणि विस्तव नीट न विझवता झोपलो. अभयारण्य १९८५ सालीच जाहीर झालेलं होतं. आम्हाला ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमची अक्कल तुमच्यापेक्षा जास्त होती असं अजिबात नाही. आम्ही सहाच होतो, एवढाच जंगलाचा फायदा.

माझं म्हणणं या आकड्यापुरतंच आहे. तुम्ही माणसं आणता याला माझी हरकत नाही. एका वेळी, एका दिवशी, एका वाटेने इतकी माणसं आणता, याला आहे.

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खांडस हे कर्जत तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. गाव सोडल्यावर पुलापाशी वाट फुटते. एक शिडी घाटाने जाते, सरळ अंगावर येणारी, अवघड जागी तीन लोखंडी शिड्या लावलेली. दुसरी गणेश घाटाने, गणपतीच्या देवळावरून, पदरगडाला वळसा घालत, लांबची पण सोपी. दोन्ही वाटा पदरावर एकत्र येतात. कोकण आणि घाटमाथा यांच्यामध्ये डोंगराच्या कमरेला जी सपाटी असते तिला आपल्याकडे पदर म्हणतात. तिथली वस्ती ती पदरवाडी, तिथला किल्ला तो पदरगड. पदरावरून पुढे दुसरी चढण सुरू होते आणि ती सगळी दाट जंगलातून आहे. महाशिवरात्रीला कोकणातली माणसं याच वाटेने देवाला जातात. म्हणजे ही वाट काही ट्रेकिंगवाल्यांनी शोधलेली नाही. माल, गुरं, वऱ्हाडं, यात्रेकरू, सगळे इथून चढले-उतरले आहेत. एवढी वर्षं वापरात राहूनही ती दोन-अडीच फुटांचीच राहिली होती.

मला सगळ्यात जास्त जे खुपलं ते शिडीवर नाही, या दुसऱ्या चढणीत आहे.

पूर्वी इथे पावसाळ्यात चालताना दोन्ही खांद्यांना कारवी घासायची. पुढचा माणूस चार पावलांवर असला तरी दिसायचा नाही, त्याची शीळ ऐकू यायची. या खेपेला त्याच चढणीवर मी एका जागी थांबून पाहिलं तर शेजारी शेजारी चार वाटा होत्या. मधली मूळ वाट गुडघाभर खोल गेलेली. तिच्यातून लाल पाणी वाहत होतं, ओढाच झाला होता तिचा. बूट भिजू नयेत म्हणून लोक कडेने चालले, ती दुसरी वाट झाली. तिच्यात चिखल झाला म्हणून तिसरी. चौथी म्हणजे वळणावरचा शॉर्टकट, सरळ उतारावरून खाली आलेला. अंजनीचं एक झाड या चार वाटांच्या मधोमध उभं होतं. त्याची मुळं जमिनीच्या वर वीतभर उघडी पडली होती आणि बुटांनी घासून घासून त्यांना जुन्या वाड्यातल्या उंबऱ्यासारखी तकाकी आली होती. मी हात लावून पाहिलं. गुळगुळीत लागलं, साल नावाला नाही. त्या मुळावर पाय ठेवून वर चढणं सोयीचंच होतं, मीही ठेवला होता. हात लावला तो नंतर.

हे होतं कसं, ते तुम्हाला माहीत असेल, पण ब्रीफिंगमध्ये तुम्ही कोणी सांगताना मी ऐकलं नाही. जंगलातली माती पोकळ असते. पालापाचोळा, बुरशी, गांडुळं, बारीक मुळं यांनी ती फुगलेली असते, म्हणून पाणी पिते. माणसं चालून चालून ती दाबली गेली की पाणी मुरायचं थांबतं आणि वरून वाहायला लागतं. वाहतं ते उताराच्या दिशेने. वळणं घेत जाणारी जुनी वाट पाण्याचा वेग मोडते, शॉर्टकट त्याला सरळ घसरगुंडी करून देतो. वळणं घेणाऱ्या जुन्या माणसांना सरळ चढता येत नव्हतं म्हणून त्यांनी ती घेतलेली नाहीत हो. एका मोसमात शॉर्टकटची घळ होते. मग तुमचाच लीड पुढच्या वर्षी सांगतो, ‘इथे घसरण आहे, इकडून या’, आणि पाचवी वाट पडते.

याच डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. आपल्या बुटांनी दरडी कोसळतात असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण इथली माती पावसात किती बेभरवशाची असते हे ज्याने पाहिलंय, त्याला उतारावर उघडं पडलेलं मूळ दिसलं की पोटात कालवतं. एवढंच.

कारवीबद्दलही सांगितलं पाहिजे. ती सात वर्षांनी फुलते हे सगळ्यांना ठाऊक, फुलली की फोटोही खूप पडतात. फुलून, बी धरून ती मरते आणि त्यानंतरच्या पावसात तिची रोपं गालिच्यासारखी एकदम उगवतात, हे कमी जणांना ठाऊक असतं. त्या एका पावसाळ्यात जो तुकडा तुडवला गेला, तिथे पुढची कित्येक वर्षं कारवी नाही. या भागातल्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या आणि उतारावरची माती धरून ठेवणारीही तीच. आम्ही सहा काठ्या मोडल्या त्याने काही बिघडलं नसेल. पण फुललेल्या कारवीच्या मधोमध शिरून फोटो काढण्यासाठी जी पन्नास माणसं रांग लावतात, ती त्या फुलांचं बी पायाखाली घालत असतात.

आणि शेकरू. तुमच्या जाहिरातीत शेकरू असतोच. आपला राज्यप्राणी, त्याच्यासाठी तर हे अभयारण्य झालं. माझ्या मुलीलाही तोच बघायचा होता. तांबूस अंग, हातभर शेपूट, आणि घरटं म्हणजे दुबेळक्यात काटक्यापानांचा भला मोठा गोळा, एकट्याची पाच-सहा घरटी. हा प्राणी जमिनीवर यायला राजी नसतो. या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जातो, त्यामुळे वर फांदीला फांदी लागलेली असणं हाच त्याचा रस्ता. दोन फुटांच्या पायवाटेने वरचं छत फाटत नाही. बारा फुटांच्या पट्ट्यात जांभळाचं, हिरड्याचं, अंजनीचं एकही रोप तग धरेना, की मग आजची म्हातारी झाडं पडल्यावर तिथे आभाळ दिसणार. आज नाही, अजून वीस-तीस वर्षांनी. तोवर तुम्ही माझ्या वयाचे झालेले असाल आणि तुमच्या मुलीला घेऊन याल.

त्या दिवशी शेकरू दिसला नाही. ओरडणं मात्र ऐकलं, लाकडी खुळखुळा जोराने हलवावा तसं. धोक्याची सूचना देत होता. साहजिक आहे, खाली कोणाच्या तरी पिशवीला अडकवलेला स्पीकर गात होता. मी त्या मुलाला म्हणालो, “दादा, जरा बंद कर, वर शेकरू आहे.” त्याने खरंच बंद केला आणि वर बघत मला विचारलं, “कुठे?” मुलगा चांगला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम तुमचं आहे. ७९९ रुपयांत नाश्ता, प्रवास आणि ‘एक्सपर्ट लीडर’ असं तुम्हीच लिहिता.

माझ्या आठवणीतली एक रात्र सांगतो, म्हणजे मी काय वाचवायला म्हणतोय ते कळेल. नव्वदीच्या शेवटी, भर जुलैत, आम्ही तिघे उशीर झाल्यामुळे याच चढणीत अंधारात सापडलो. विजेरीचा सेल गेला. करणार काय, बसलो. दहा एक मिनिटांनी डोळे सरावले आणि समोरच्या कुजक्या फांदीवर फिकट हिरवा उजेड दिसायला लागला. मग तिच्या मागच्या फांदीवर. मग पायाखालच्या पाचोळ्यातही. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात ही चमकणारी बुरशी असते, हे आता सगळ्यांना माहीत झालंय, तेव्हा आम्हाला नव्हतं. आमच्यातला एक जण, आज बँकेत मोठा साहेब आहे, चक्क रामरक्षा म्हणायला लागला. तो उजेड दिसायला काय लागतं? अंधार, ओल, कुजायला पडू दिलेलं लाकूड, आणि दहा मिनिटं बत्ती न लावता गप्प बसणं. साठ जणांच्या बॅचला यातलं शेवटचं जमत नाही. साठ हेडलॅम्प असतात. त्यात तुमचा दोष नाही, साठच्या आकड्याचा आहे.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, कारण शिडीखाली उभं असताना तुमच्यातल्या एकाशी माझी चांगली अर्धा तास बोलाचाली झाली. पोरगा पंचविशीचा, आठवडाभर कुठेतरी नोकरी करून शनिवार-रविवार हे करतो. त्याचं म्हणणं, आम्ही नाही आणलं तर दुसरा आणेल. शिवाय वर देवस्थानाला मंचर-घोडेगावच्या रस्त्याने गाड्या भरभरून माणसं येतात, कचरा त्यांचा, बोलणी आम्हाला. त्याच्या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. वरचा प्लास्टिकचा खच तुमच्यामुळे नाही, हे मी मान्य करतो, आणि त्या बाबतीत कोणाला लिहायचं ते मी वेगळं लिहीन. पण गाडीने येणारा माणूस पायऱ्या उतरतो, दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परत जातो. जंगलातल्या या वाटेवर तो येत नाही. इथे येतो तो तुम्ही आणलेला. या वाटेचं काय होतं याचं उत्तर शंभर टक्के आपल्याकडे आहे, तुमच्याकडे आणि माझ्याकडे.

वाडीतल्या लोकांचं म्हणणं मात्र मला नव्याने ऐकायला मिळालं. पदरवाडीत ज्या मावशींकडे आम्ही चहा घेतला, त्यांना मी सरळ विचारलं, एवढी गर्दी त्रासाची नाही का होत? मला वाटलं होतं त्या होकार देतील आणि मला पत्रात घालायला वाक्य मिळेल. त्या हसल्या. “आली तर बरंच हाय की. चार पैशे सुटत्यात.” चुलीत फुंकणी घालून फुंकर मारली आणि मग म्हणाल्या, “पन सगळी एकदमच का येत्यात? रविवारी मला चा पुरवत नाय, नि बुधवारी कुत्रं येत नाय.” त्यांच्या हिशेबात ज्या रविवारी माणसं जास्त, त्या रविवारी धंदा जास्त होत नाही. कारण तुमच्या मोठ्या बॅचला थांबायला वेळ नसतो, नाश्ता तुम्ही खालून आणलेला असतो आणि जेवण वर ठरलेलं असतं. वाडीवर राहतो तो फक्त चिखल, आणि विहिरीशी बाटल्या भरायला आणि पाय धुवायला लागलेली झुंबड.

बुधवारचं ते वाक्य मी घरी येईपर्यंत घोळवत होतो.

म्हणून काही मागण्या करतो. शासनाने वाट बंद करावी असं मी म्हणणार नाही. बंदी आली की पहिला मार मावशींच्या चुलीला बसतो, आणि चोरवाटा पडतात त्या वेगळ्याच. तुम्ही आपण होऊन करण्यासारखं आहे. एका लीडमागे पंधरापेक्षा जास्त डोकी नेऊ नका, आणि एकाच संस्थेच्या चार बॅच एकाच सकाळी काढून ‘पंधराच आहेत’ असं म्हणू नका, ते आम्हीही हिशेबखात्यात करतो, कळतं. खांडस किंवा पदरवाडीतला एक वाटाड्या प्रत्येक बॅचबरोबर पैसे देऊन घ्या. मोबाइलवरची रेघ तुम्हाला शॉर्टकटवरून नेते, कारण आधीचा कोणीतरी तिथून गेलेला असतो. वाडीतला माणूस जुन्या वाटेवरून नेतो आणि कुठली वाट बुजू द्यायची तेही त्याला कळतं. झाडांवर आणि कातळांवर मारलेले रंगाचे बाण बंद करा. एका वळणावर मी तीन रंगांचे बाण पाहिले, तिन्ही वेगळ्या दिशांना, बहुधा तीन संस्थांचे.

शिडी घाटाचं वेगळं सांगतो, कारण तिथे प्रश्न जंगलाचा नाही, जिवाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नवख्या माणसांची बॅच तिथून नेऊच नका. शेवाळलेल्या कातळावर तीस माणसं तासभर ताटकळत उभी राहतात, त्यांची पोटरी थरथरायला लागते आणि मग त्याच पायांनी ती शिडी चढतात. माझ्या पुढची एक मुलगी थंडीने इतकी कुडकुडत होती की तिच्या बोटांना गज धरवत नव्हता. तिचा लीड सर्वांत वर होता, त्याला ते कळणं शक्य नव्हतं. माझ्या मुलीने तिला आपले मोजे हातात घालायला दिले. गणेश घाट आहे ना? लांब आहे, पण बोलत बोलत चालता येतं, आणि पदरगडाचे सुळके सगळ्या बाजूंनी दिसतात. ‘थ्रिल’ कमी म्हणून बुकिंग कमी होतं, असं तो पंचविशीतला पोरगा म्हणाला. असेल. शिडीवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले तेव्हा जे थ्रिल झालं ते त्यानेही पाहिलं.

पैशाचंही बोलून टाकतो. तुमच्यात स्पर्धा एवढी आहे की माणशी पन्नास रुपये कमी करण्यासाठी बॅच मोठी करावी लागते, हे मला कळतं. मी स्वतः आकडेमोडीच्या नोकरीत आहे. पण ७९९ चे ९९९ केलेत, माणसं निम्मी नेलीत, वाटाड्याची मजुरी आणि वाडीतलं जेवण त्यात घातलंत, तर तुमच्या हातात अगदी आजच्याइतके नाहीत तरी फार कमी उरणार नाहीत. आणि आठवड्यातल्या मधल्या दिवशी बॅच काढून बघा. आयटीतली बरीच मंडळी रविवारी काम करून बुधवारी सुट्टी घ्यायला तयार असतात, मी विचारलंय. पहिल्या वर्षी तोटा होईल. झाला तर मला शिव्या द्या.

आम्ही दोघे ऑक्टोबरात परत जाणार आहोत, एका बुधवारी, गणेश घाटाने. पाऊस ओसरलेला असेल. मुलीने कॉलेज बुडवायची परवानगी आधीच काढून ठेवली आहे. त्या वळणावरच्या शॉर्टकटच्या तोंडाशी, वाडीतल्या दोन पोरांबरोबर, मोडून पडलेल्या फांद्या आणि दगड रचून तो बुजवायचा असं ठरलंय. त्यांनीच सुचवलं, गुरांची वाट बंद करायची असली की ते असंच करतात. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर सकाळी साडेसातला खांडसच्या पुलापाशी या. पंधरापेक्षा जास्त आलात तर उरलेल्यांना पुढच्या बुधवारी यावं लागेल.

आपला,
डोंबिवलीचा एक जुना वाटसरू

ता. क. : दुसऱ्या शिडीच्या वर, डाव्या हाताच्या खोबणीत एक बूट सापडला. डाव्या पायाचा, आठ नंबर, करडा, लेस नारिंगी. ज्याचा कोणाचा आहे तो उरलेली वाट एका बुटावर कसा चढला असेल कोण जाणे. मावशींकडे चुलीच्या वर वाळत टांगून ठेवला आहे. घेऊन जा, आणि गेलात की चहा प्या.